ग्रेगनॉग: लाकडाचं सोंग घेतलेलं काँक्रीट

भिंतीवर टकटक केली तेव्हा कळलं. काळ्या तुळया, पांढरा गिलावा, तिरक्या-आडव्या पट्ट्या. लांबून ग्रेगनॉग हॉल तीन-चारशे वर्षं जुनं लाकडी चौकटीचं घर वाटतो. बोटाच्या पेरानं वाजवलं तर आवाज बद्द. तुळई म्हणजे काँक्रीटवर चढवलेला काळा रंग! वेल्सच्या या भागात खरी काळी-पांढरी लाकडी घरं गावोगाव दिसतात, म्हणून डोळा सहज फसतो.

जुनी इस्टेट ब्लेनी घराण्याची. पुढे ती हॅन्बरी-ट्रेसींकडे आली आणि १८४०च्या दशकात घर नव्यानं उभं राहिलं. मंडळींना काँक्रीटचं भारी वेड. शेजारच्या ट्रेगनन गावात १८७०च्या सुमारास त्यांनी काँक्रीटची घरंही बांधली. ती चुकवू नका, मला तर हॉलपेक्षा तीच जास्त आवडली. आत ब्लेनी रूममध्ये मात्र खरं ओक आहे, १६३६ सालचं कोरीव काम असलेलं.

पण आम्ही तिथे गेलो ते दोन बहिणींसाठी. ग्वेंडोलिन आणि मार्गारेट डेव्हिस. आजोबा डेव्हिड डेव्हिस (१८१८–१८९०) लाकूड कापणारे करवत्ये. खड्ड्यावर उभं राहून करवतीचं वरचं टोक धरणारा तो ‘टॉप सॉयर’. हेच त्यांचं टोपणनाव पडलं. पुढे त्यांनी रेल्वे बांधल्या, कोळशाच्या खाणी काढल्या, दक्षिण वेल्समधल्या बॅरी बंदराची गोदी उभारली. तो पैसा नातींकडे आला. मद्याला न शिवणाऱ्या, कडक धार्मिक वळणाच्या या बहिणींनी मोने, रेन्वार, रोदँ अशा फ्रेंच कलावंतांची चित्रं-शिल्पं विकत घेतली. त्यातली २६० कामं आज कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. ग्रेगनॉग १९२० साली घेतलं, १९२२ साली तिथे छापखाना काढला आणि १९३०च्या दशकात संगीत महोत्सव भरवले. चित्रं बघायची तर कार्डिफलाच जावं लागतं, हे मनात ठेवूनच इथे या.

आजोबांचा बंगला, ब्रॉनऐरियन, लॅन्डिनॅम गावी सेव्हर्न नदीपलीकडच्या उतारावर आहे. १८६४चा, ऐन व्हिक्टोरियन थाटाचा. आम्ही तो बाहेरूनच पाहिला. नदीवरचा लोखंडी पूल १८४६चा आहे, आणि पुलाजवळ डेव्हिसांचा पुतळा हातात गोदीचा नकाशा धरून उभा आहे. शिल्पकार आल्फ्रेड गिल्बर्ट, लंडनच्या पिकॅडिलीतला ‘एरॉस’ घडवणारे तेच. अर्ध्या तासात सगळं उरकतं.

आता कामाचं. बर्मिंगहॅम किंवा श्रुजबरीहून रेल्वेनं न्यूटाउनला उतरा. गाड्या साधारण दोन तासांनी, त्यामुळे परतीची वेळ आधीच लिहून ठेवा. न्यूटाउनहून ग्रेगनॉग पाचेक मैल. स्टेशनवर टॅक्सी उभी असेल असं आम्ही धरून चाललो आणि चाळीस मिनिटं पावसात भिजलो. तेव्हा आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि परतीचीही त्याच वेळी ठरवा, कारण फोनला रेंज येते-जाते. स्वतःची गाडी असेल तर उत्तमच. बागेत आणि जंगलात फिरता येतं, पण हॉलमध्ये परिषदा नि लग्नं असतात, म्हणून आतून पाहायचं तर फोन करून विचारल्याशिवाय निघू नका. बूट चिखलात चालणारे हवेत. आमच्या ‘ही’चे पांढरे स्नीकर्स काही मूळ रंगावर आले नाहीत.

श्रुजबरीकडून येताना न्यूटाउनच्या आधी वेल्शपूल लागतं. तिथल्या पॉविस कॅसलमध्ये क्लाइव्ह घराण्यानं भारतातून नेलेला माल आहे, टिपूच्या तंबूसकट. त्याला वेगळा दिवस द्या. दोन्ही एका दिवसात कोंबायला गेलो, आणि तंबू बघायच्या आत दरवाजे बंद होत होते.