माडीवरचं कपाट

आमच्या कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या घराचा जिना जेमतेम सव्वादोन फूट रुंद आहे आणि अर्ध्यावर काटकोनात वळतो. सासूबाईंच्या लग्नातलं कपाट याच वळणामुळे कायम खाली राहिलं आणि ऑगस्ट 2019 च्या महापुरात पाण्यात गेलं. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही पंचगंगेची धोका पातळी; त्या वर्षी पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. कपाटाबरोबर माझ्या फायलीही भिजल्या. मी घरी बसून जीएसटी आणि आयकराचे रिटर्न भरून देते. व्यापाऱ्याला हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून 72 महिने सांभाळावी लागतात आणि माझे बरेच अशील ती माझ्याच हवाली करतात. त्या चिखलातून काढून गच्चीवर दोरीला वाळत घातलेली बिलं मी अजून विसरलेली नाही.

म्हणून ऑफिस माडीवर नेलं. पण फायली कित्येक महिने जमिनीवरच राहिल्या, कारण तयार कपाट जिन्यातून वर जाईना. सुतारकाकांकडून वर बसूनच करून घ्यावं म्हटलं, तर लग्नसराईमुळे त्यांना दिवाळीशिवाय सवड नव्हती. शेवटी सुट्ट्या फळ्यांच्या खोक्यात येणारं, घरी जोडायचं कपाट मागवलं. उंची 180 सेंटिमीटर, रुंदी 80, खोली 40. खाली दोन दारं, वर उघडे कप्पे.

खोकी आली ती मेअखेरीस, नेमकी वळवाच्या पावसात. एका खोक्याचा कोपरा ओला होता. टेम्पोवाल्याला थांबवून, त्याच्यासमोरच उघडून फोटो काढले, तेच पुढे उपयोगी पडलं. डाव्या बाजूच्या उभ्या फळीचा तळ फुगला होता. माझे धाकटे दीर उद्यमनगरात लेथवर काम करतात. त्यांनी संध्याकाळी व्हर्नियर आणून मोजलं. 18 मिलिमीटरची फळी कोपऱ्यात 21 भरली. ही फळी म्हणजे लाकडाचा भुसा आणि ढलप्या गोंदात दाबून केलेला पार्टिकल बोर्ड. सनमायकासारख्या पापुद्र्याखालून एकदा पाणी शिरलं की तो फुगतो आणि वाळला तरी पूर्ववत होत नाही. नवी फळी यायला अकरा दिवस लागले. चार फोन करावे लागले, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, याचा राग आला. पण ती फळी तशीच वापरली नाही हे बरं झालं, कारण सगळा भार त्याच कोपऱ्यावर येणार होता.

त्या अकरा दिवसांत लेकीनं, ती आठवीत आहे, सगळे पेच आणि खुंट्या स्टीलच्या वाट्यांमध्ये वेगळ्या केल्या आणि कागदावरच्या यादीशी मोजून ताडल्या. हे काम आधी केलं म्हणून पुढे एकदाही शोधाशोध झाली नाही.

जोडणीचा मुख्य खेळ मिनिफिक्सचा. एका फळीत धातूचा दांडा बसवायचा, दुसरीत बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी गोल चकती. दांड्याचं डोकं चकतीच्या तोंडात गेलं की चकती घड्याळाच्या दिशेनं अर्धा फेरा फिरवायची. ती दांड्याला आत ओढून घेते आणि सांधा घट्ट होतो. चकतीवर एक बारीक बाण असतो. तो दांडा जिकडून येणार त्या कडेकडे पाहिजे, नाहीतर डोकं आत शिरतच नाही. सांध्यात शेजारीशेजारी लाकडी खुंट्याही असतात. त्या फळी घसरू देत नाहीत, आवळण्याचं काम मिनिफिक्स करतं. मला हे कळायला पहिले दोन सांधे लागले.

दीर ड्रिल मशीन आणतो म्हणाले. मी नको म्हटलं. बोर्डात पेच एकदा जास्त फिरला की आतला भुसा सुटतो आणि मग तो धरत नाही. हातानंच आवळलं, तरी एका बिजागरीचा पेच सैल झालाच. काडेपेटीची काडी फेविकॉलात बुडवून भोकात घातली, रात्रभर ठेवली, सकाळी पेच पक्का बसला.

चूक झाली ती मधल्या पक्क्या फळीत. तिची एकच लांब कड पट्टी लावून गुळगुळीत केलेली असते. ती पुढे यायला हवी होती, मी मागे टाकली आणि चारही सांधे आवळून झाल्यावर ते दिसलं. सगळं सोडवून पुन्हा लावण्यात रविवारची दुपार गेली.

पाठीची पातळ फळी चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, मारायच्या आधी मी सुतारकाकांना हाक मारली. ते बारा घरं पलीकडेच राहतात, हातातलं काम ठेवून आले. आडव्या ठेवलेल्या चौकटीभोवती फिरले आणि म्हणाले, "वैनी, आधी फितीनं कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तरच चुका मारायच्या. ही पातळ फळी दिसाय हलकी, पण चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, धरायचं काम हिचंच. वाकडी असताना मारली तर कपाट जन्मभर वाकडं."

एक कर्ण 197.6 आला, दुसरा 196.4. लेक लगेच वही घेऊन बसली. 180 चा वर्ग 32,400, 80 चा 6,400, बेरीज 38,800, वर्गमूळ 196.98. "आई, दोन्ही 197 यायला पाहिजेत!" काकांनी लांब कर्णाच्या दोन टोकांना हात लावून चौकट दाबायला सांगितली. मी एका कोपऱ्यावर, दीर समोरच्या. तिसऱ्या खेपेला दोन्हीकडे 197. ती तशीच दाबून धरली आणि काकांनी कोपऱ्यांपासून सुरुवात करून चुका मारल्या. शाळेतलं गणित आमच्या माडीवर असं कामाला आलं, याचा मला फार आनंद झाला.

काकांनी आणखी एक विचारलं, जे माझ्या ध्यानीमनी नव्हतं: उभं कसं करणार? माडीची तुळई खाली आहे, फरशीपासून सहा फूट एक इंच, म्हणजे 185.4 सेंटिमीटर. आडवं कपाट उभं करताना त्याचा बाजूचा कर्ण छताखालून फिरतो. लेकीनं पुन्हा मांडलं: 180 आणि 40, उत्तर 184.4. एक सेंटिमीटरनं निभावलं. तिघांनी मिळून सावकाश उचललं आणि तुळईला न लागता ते उभं राहिलं.

शहाबादी फरशी मात्र सपाट नव्हती. उजवा पुढचा कोपरा अधांतरी होता. काकांनी ओळंबा सोडून पाहिलं आणि सागवानाची छोटी पाचर तासून खाली सरकवली. दारांमधली फट तिथेच सरळ झाली. बिजागऱ्यांचे पेच मी उगाच फिरवत बसले होते.

खोक्यात भिंतीला बांधायची पट्टी होती. भरलेलं उंच कपाट पुढे कलंडू नये म्हणून ती लावायचीच असते. पण आमची भिंत मातीत रचलेल्या विटांची. ड्रिल लावलं तर लाल माती भसाभसा गळाली, प्लॅस्टिकची खुंटी बोटानं ओढली तरी बाहेर आली. काकांनी भिंतीवर ठोकत ठोकत आवाज ऐकला आणि गिलाव्याच्या आत दडलेला जुना सागवानी खांब शोधून काढला. कपाट चार इंच डावीकडे सरकवलं आणि पट्टीचा पेच त्या खांबात मारला. आता ते हलत नाही.

वजनाचा हिशेब मीच केला. ए-फोर कागदाचं 500 पानांचं रीम सुमारे 2.3 किलो भरतं. एका कप्प्यात दहा बॉक्स फायली म्हणजे पंचवीस किलोच्या घरात, आणि 80 सेंटिमीटरच्या मोकळ्या फळीला ते मधोमध झेपणार नाही. म्हणून जड फायली तळाच्या आणि मधल्या पक्क्या फळीवर ठेवल्या, आणि वरच्या सुट्या फळ्यांना पुढच्या कडेखाली काकांनी सागवानी पट्टी मारून दिली. सुट्या फळ्यांच्या टेकूसाठी बाजूंना 32-32 मिलिमीटरवर भोकांची रांग असते, त्यामुळे पट्टीला जागा द्यायला फळी दोन भोकं वर घेणं सोपं गेलं.

काकांनी पैसे घेतले नाहीत. बेसनाचे लाडू घेतले, आणि उरलेल्या दोन मिनिफिक्स चकत्या हातात फिरवून बघत म्हणाले, "ह्या मला ऱ्हाऊ द्यात."

ॲलन की आणि जोडणीचा कागद लिफाफ्यात घालून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. खाली पेन्सिलनं लिहून ठेवलंय: मागचा कर्ण 197, बाजूचा 184.4, खांब डाव्या कडेपासून नऊ इंचांवर.