भरती कधी?

आई गुहागरची. समुद्र दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, "भरती कधी गं?" स्वीडनच्या गॉटलंडवरून पिवळ्या फेरीने फोरो बेटावर उतरलो, लांगहामार्सच्या किनाऱ्याशी आलो, तिथेही तेच. बाल्टिकला भरती-ओहोटी नावापुरतीच, असं सांगितल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. तळं दाखवून समुद्र म्हणून खपवतेय की काय! मग बोट बुडवून जिभेला लावलं. महासागराच्या मानाने इथे मीठ जेमतेम पाचवा हिस्सा. "आजाऱ्याची आमटी," तिने निकाल दिला.

दगडांपुढे मात्र ती थबकली. करड्या चुनखडीचे वेडेवाकडे खांब, पुरुषभर उंचीचे आणि त्याहून कितीतरी मोठे. त्यांना इथे 'रौक' म्हणतात. लोकांनी त्यांना नावंही दिलीत: फोरोवरच्या एकाला कुणी कुत्रा म्हणतं, कुणी कॉफीची किटली, गॉटलंडच्या दक्षिण टोकाला होबुर्गेनचा म्हातारा आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनेही १७४१ साली गॉटलंडला येऊन असे दगड पाहिले होते. आई म्हणाली, "पंगत उठून हात धुवायला उभी आहेत सगळी."

बेचाळीसेक कोटी वर्षांपूर्वी ही जमीन विषुववृत्ताजवळच्या उथळ, उबदार समुद्राखाली होती. प्रवाळ आणि स्पंजासारखे जीव थरावर थर वाढत गेले, त्यांचीच ही चुनखडी. जिथे ती घट्ट होती ते खांब उरले, भोवतालची मऊ लाटांनी खाल्ली. जांभ्यावर वाढलेल्या बाईला हे पटेना. मग पायाशी तिला मण्यांसारख्या बारीक चकत्या दिसल्या, मधोमध भोक असलेल्या. समुद्रलिली नावाच्या प्राण्याच्या देठाचे तुकडे. "पोत ओवता येईल की!" राखीव जागा आहे, काही उचलायचं नाही, म्हटल्यावर तिने एकेक मणी मुकाट्याने होता तिथे ठेवला. एक जरा उशिराच.

परतीच्या फेरीत मी सांगत होते: हिमयुगाचं बर्फ वितळलं, ओझं उतरलं, तेव्हापासून जमीन वर येतेय. अजूनही, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर. म्हणून तर काही रौक आता पाण्यापासून दूर, चढावर उभे आहेत.

"म्हणजे ओहोटी लागलीय," आई म्हणाली. "मघाशीच सांगायचंस ना."