मशीन कुठलं घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

‘ताई, गोधडी शिवायला मशीन कुठलं घेऊ?’ हे मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत कानाशी ओरडून झालंय, रात्री साडेअकराला फोनवरही झालंय. मी उलट विचारते, ‘तुम्ही शिवता कसं?’ आणि समोरची नाराज होते. भाव खाते म्हणतात. खात असेन. पण नुसतं कंपनीचं नाव सांगून मी मोकळी झाले, तर तुमचे पैसे जातील आणि शिव्या मला बसतील.

आमच्याकडे युनिफॉर्मच्या कारखान्यांची चिंधी किलोवर मिळते. तिचे चौकोन कापून जोडत बसणार असाल, तर सासूबाईंचं काळं पायाचं मशीन पुष्कळ झालं. सरळ टीप, पाव इंच शिवण, आणखी काय लागतं? ‘कारखान्यातलं जुनं जुकी कंपनीचं मशीन घे, स्वस्तात मिळतं’ असं सांगणारे भाऊजी प्रत्येक घरात असतात. ती मिनिटाला चार-पाच हजार टाके मारणारी बाई आहे, शर्टाच्या लांब शिवणीला उत्तम. जुन्या क्लच मोटरवर पाय जरा जड पडला की गोधडीसकट पळते.

तीन थरांवर सरळ ओळी मारायच्या असतील तर गोष्ट वेगळी. खालचे दाते फक्त खालचं कापड ओढतात, वरचं मशीनच्या दाबपायाखाली मागे राहतं आणि शेवटच्या वीतभरात चुण्या पडतात. त्या पायाच्या जागी वॉकिंग फूट नावाचा वेगळा पाय लावला की वरूनही कापड ओढलं जातं. मला विचारणाऱ्या निम्म्या जणी मशीन बदलायला निघालेल्या असतात, त्यांना हा एवढा फूटच हवा असतो.

राहिली फिरती नक्षी. तिच्याबद्दल मी आजवर नीट बोलले नाही, कारण त्यात माझं एक प्रकरण आहे.

चार वर्षांपूर्वी एक काकू आईची चार लुगडी घेऊन आल्या. आई जाऊन वर्ष झालं होतं. नऊवारी, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. माझं नवं कॉम्प्युटरवालं मशीन तेव्हा नुकतंच आलं होतं. दोनशेच्या वर टाके, त्यातले मी आजपर्यंत पाच वापरलेत. हप्ते चालू होते, त्यामुळे जे येईल ते त्याच्यावरच शिवायचं असा माझा हट्ट. काकूंनी साधा धावदोरा सांगितला होता. मीच म्हटलं, ‘फुलं काढून देते की!’

फिरत्या नक्षीत दाते खाली पाडतात, कापड आपण हातांनी फिरवतो. हात चालेल तसा टाका लहान-मोठा पडतो. गोधडी पाच फूट रुंद. मधलं फूल काढताना अडीच फुटांची गुंडाळी मशीनच्या आत घ्यावी लागते आणि माझ्या मशीनला सुईपासून खांबापर्यंत जागा साडेसहा इंच. गुंडाळी अडकली, हात थांबले, सुई चालूच राहिली. एकाच जागी टाक्यांचा गठ्ठा. उलटून बघितलं तर खाली दोऱ्याची जाळी. घाबरून उसवायला घेतलं आणि पावतीपुस्तकातली पावती निघते तसं लुगडं भोकांच्या ओळीवरून सुटत गेलं. मी आणखी उसवलं. तिथे थांबायला हवं होतं.

काकूंना सांगितलं, कापड जुनं होतं, टिकलं नाही. जुनं तर ते होतंच. पण हातात घेतल्याबरोबर मला ते कळलं होतं, एवढं मी सांगितलं नाही. त्यांनी उरलेल्या पदरावरून तळवा फिरवला, घडी केली आणि विचारलं, ‘शिलाई किती झाली?’ मी काही घेणार नाही म्हटलं. टेबलावर दोनशे रुपये ठेवून त्या गेल्या.

पुढचे सहा महिने मी त्या मशीनला नावं ठेवत हिंडले. आता नव्या कापडावर तेच मशीन अशी फुलं काढतं की मलाच कौतुक वाटतं. म्हणजे चूक माझीच? जागा नऊ-अकरा इंच असती, तशी मशीनं मिळतात, तर गुंडाळी अडकलीच नसती, असं अजूनही मनात येतं. मग लगेच वाटतं, अकरा इंच असते तरी त्या लुगड्यावर एवढे बारीक टाके घालायला कुणी सांगितलं होतं? जुनी लुगडी मी आता हातानेच शिवते, लांब धावदोऱ्याने. एका गोधडीला तीन आठवडे जातात, मनगट भरून येतं, तेवढी मजुरी कुणी देत नाही. त्यामुळे मोठ्या मशीनच्या किमती विचारणं काही सुटलेलं नाही. परवाच एका ठिकाणी विचारली आणि फोन ठेवला.

तुम्ही दुकानात जाल तेव्हा आपलं कापड घेऊन जा. तुमचेच तीन थर, तुमचाच दोरा, आणि जमलं तर एक पूर्ण गोधडी, खांबाशी गुंडाळून बघायला. दुकानदार खळीच्या कडक कापडाचे दोन पदर घेऊन टीप मारून दाखवतो. त्याच्यावर कुठलंही मशीन छान शिवतं.