तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या सुतारकामाला पहिलं मशीन कोणतं?

"काका, घरच्या घरी थोडं सुतारकाम सुरू करायचंय. वीस-पंचवीस हजार बाजूला काढलेत. कोणती मशिनं घेऊ?" भाचेमंडळींपासून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये बहुतेक वेळा परदेशातल्या एखाद्या गॅरेजचा व्हिडिओ असतो. मधोमध ऐसपैस टेबल सॉ (टेबलाच्या फटीतून गोल पातं वर आलेली करवत), भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारं, जमिनीवर भुशाचा कण नाही. आणि विचारणारा राहतो पुण्यात, कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. त्याची जागा म्हणजे ड्राय बाल्कनी, किंवा सोसायटीने डोळेझाक केली तर पार्किंगचा एक कोपरा.

पहिल्या पैशांतून क्लॅम्प, म्हणजे लाकूड टेबलाला घट्ट आवळून धरणारी पकड, घ्या, असं मी सांगतो. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो, कारण क्लॅम्प चालू करता येत नाही आणि त्याचा फोटोही काढण्यासारखा नसतो. पण मी असं का म्हणतो ते सांगतो.

लाकूडकामाच्या मशिनांच्या मुळात दोन जाती. एका जातीत लाकूड जागेवर राहतं आणि मशीन त्याच्याकडे जातं: ड्रिल, जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याची करवत), सर्क्युलर सॉ (गोल पात्याची हातातली करवत), सँडर (घासून गुळगुळीत करणारं), ट्रिमर (कडा घडवणारं). दुसऱ्या जातीत मशीन जागेवर असतं आणि लाकूड आपण हाताने त्याच्याकडे ढकलतो: टेबल सॉ, बँड सॉ (पट्ट्यासारख्या लांब पात्याची करवत) वगैरे. पहिल्या जातीत बहुतेक कामं दोन्ही हात मशीनवर ठेवून करता येतात, आणि जो हात मुठीवर आहे तो पात्याखाली जात नाही. दुसऱ्या जातीत हात लाकडावर असतो आणि लाकूड पात्याच्या दिशेने चाललेलं असतं. नवख्या माणसाने पहिल्या जातीतच रमावं, असं माझं ठाम मत आहे. फक्त त्याला एक अट आहे. लाकूड कुणीतरी घट्ट धरायला हवं. क्लॅम्प नसला की डावा हात आपोआप त्या कामाला लागतो, नाहीतर पाय. आपले जुने सुतार उकिडवे बसून पायाच्या अंगठ्याखाली फळी दाबत आणि करवत चालवत. हातकरवतीला ते चालून गेलं. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पात्यासमोर पायाचा अंगठा ठेवायचा नसतो.

तर चार बारा इंची एफ-क्लॅम्प, दोन लांब, आणि न हलणारं एक टेबल. टेबलाची उंची एवढी की सरळ उभं राहून हात सैल सोडला तर ते मनगटापाशी यावं. जुनं डायनिंग टेबल चालतं, पण पाय डगमगत असतील तर आधी ते आवळा. हे सगळं बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. तिथे एक चांगला गुण्याही (काटकोन तपासायची पट्टी) घ्या. प्लॅस्टिकचा नको.

आता मशिनं. ड्रिल तर लागणारच. घरात काँक्रीटच्या भिंतीला भोकं पाडायची असतील तर तेरा मिलिमीटर चकचं (चक म्हणजे भोक पाडणारी सळी, म्हणजे बिट, धरणारा जबडा) वायरचं इम्पॅक्ट ड्रिल. नुसतं लाकूडकाम करायचं असेल तर बारा व्होल्टचं बॅटरीवालं हाताला हलकं पडतं. त्याच्या नाकाजवळच्या रिंगवर जे आकडे असतात तो क्लच, ठरावीक जोर लागला की फिरणं थांबवणारा. स्क्रू आवळताना लहान आकड्यापासून सुरुवात केली की स्क्रू प्लायमध्ये बुडत नाही आणि त्याचं डोकंही झिजत नाही. हे आकडे कशासाठी असतात ते मशीन वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

दुसरं, कापायचं मशीन. कपाटं-शेल्फं करायची असतील तर सात इंची सर्क्युलर सॉ, वळणदार काप हवे असतील तर जिगसॉ. दोन्हींना मिळून पैसे पुरत नसतील तर मी जिगसॉ आधी घ्यायला सांगेन. तिचा वेग कमी असतो, ती सहसा अंगावर उसळत नाही, आणि पट्टीला टेकवून चालवली तर बऱ्यापैकी सरळही कापते.

सर्क्युलर सॉने प्लाय कसा कापायचा ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरा धोका इथेच असतो आणि तो टाळणं सोपं आहे. आठ बाय चारची १९ मिलिमीटरची शीट तिसेक किलोची असते. लिफ्टमध्ये ती मावत नाही, म्हणून भवानी पेठेतच दुकानदाराकडून मोठे दोन-तीन काप मारून घ्यावेत. त्यात काही कमीपणा नाही. उरलेले काप घरी. जमिनीवर दोन इंची थर्माकोल अंथरायचा आणि त्यावर प्लाय, चांगली बाजू खाली. सर्क्युलर सॉचे दात खालून वर कापत येतात, त्यामुळे चिपा वरच्या बाजूला उडतात. चांगली बाजू वर ठेवली तर सनमायकाची कड फाटते. पात्याची खोली अशी लावायची की ते प्लायच्या खाली जेमतेम एक दात, तीन-चार मिलिमीटर, बाहेर यावं. मग सरळ पट्टी दोन्ही टोकांना क्लॅम्पने आवळायची आणि सॉचा पाया तिला चिकटवून चालवायचा. पातं थर्माकोलमध्ये थोडं रुतत जातं आणि प्लाय शेवटपर्यंत सगळीकडून टेकलेला राहतो.

हा 'सगळीकडून टेकलेला' भाग महत्त्वाचा. बरेच जण फळीची दोन टोकं दोन स्टुलांवर ठेवतात आणि मधोमध कापतात. काप जसा पुढे जातो तशी फळी मध्ये खाली झुकते, कापाची फट वरून मिटत जाते आणि पात्याला आवळते. आवळलेलं पातं थांबत नाही, ते मशीनलाच उचलून तुमच्याकडे फेकतं. यालाच किकबॅक म्हणतात. तो इतक्या झटकन होतो की हात मागे घेण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून उपाय आधीच करून ठेवायचा: फळीला पूर्ण आधार द्या किंवा कापलेला तुकडा मोकळा खाली पडेल असं बघा, आणि स्वतः पात्याच्या रेषेत उभे न राहता जरा बाजूला उभे राहा.

आता ग्राइंडरबद्दल. हे मला दर वेळी बोलावं लागतं, कारण प्रत्येकाने आपल्या घराच्या फर्निचरच्या वेळी मिस्त्रीच्या हातात ते पाहिलेलं असतं. चार इंची अँगल ग्राइंडर (चकती फिरवून घासायचं मशीन), त्याचं संरक्षक झाकण काढून टाकलेलं, वर लाकूड कापायचं दातेरी पातं. नाहीतर मार्बल कटर उलटा करून प्लायच्या तुकड्याखाली स्क्रूने आवळलेला, पातं वरच्या फटीतून बाहेर, आणि बटण कायमचं चालू ठेवायला चिकटपट्टी. झाला घरगुती टेबल सॉ! मिस्त्रीच्या हातच्या कौशल्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यांनी तो जुगाड पैसे आणि वेळ वाचवायला केलेला असतो, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या डाव्या हाताकडे नीट पाहिलंत तर त्याची किंमतही दिसते. ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो. चार इंची चकतीची कड त्या वेगाने ताशी २०० किलोमीटरवर जाते. घासणाऱ्या चकतीसाठी बनवलेल्या मशीनवर दात असलेलं पातं लावलं की दात लाकडात अडकतो, आणि एवढंसं मशीन एका हाताने आवरत नाही. लाकडाच्या पात्यांवर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. मशीनचा आकडा त्याहून जास्त असेल तर ते पातं त्या मशीनला लावायचं नाही. दुकानदार "काही होत नाही साहेब" म्हणेल. म्हणू दे.

विजेचं थोडक्यात. सर्क्युलर सॉ साधारण १२०० ते १४०० वॉटची असते. म्हणजे २३० व्होल्टवर पाच-सहा अँपिअर, आणि चालू होतानाचा झटका वेगळा. बाल्कनीतलं सहा अँपिअरचं सॉकेट तिथेच दमतं. सोबत व्हॅक्युम क्लीनर लावला तर संपलंच. वॉशिंग मशीनचं सोळा अँपिअरचं सॉकेट वापरा. एक्स्टेंशन घ्यायचंच तर अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तारेचं घ्या, आणि गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा, कारण गुंडाळलेली तार आतल्या आत तापते. घरात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते वायरमनला विचारून घ्या. आणि ब्लेड किंवा बिट बदलताना पिन सॉकेटमधून काढून टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवायची. बटण बंद आहे एवढ्यावर विसंबायचं नाही. बॅटरीवाल्या मशीनची बॅटरी काढून बाजूला. घरात लहान मुलं असतील तर बॅटऱ्या वेगळ्या कपाटात.

अंगावर काय घालायचं त्यापेक्षा काय काढायचं हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचं. मनगटातला गंडा, श्रावणात बांधलेली राखी, अंगठी, गळ्यातली चेन, ओढणी, सैल शर्टाच्या बाह्या. बायका करणार असतील तर बांगड्या आणि लांब वेणी. हातमोजेसुद्धा फिरत्या पात्याजवळ नकोत. कापडाचा एक धागा पकडला गेला की मागून बोटं येतात. चपला घालून उभे राहू नका, बूट घाला. आणि डोळ्यांना गॉगल हवाच, विशेषतः जुनं लाकूड वापरणार असाल तर. पुण्यात वाडे पाडले गेले तेव्हा त्यांतलं सागवान बाजारात आलं. उत्तम लाकूड, पण त्यात शंभर वर्षांचे खिळे. कापण्याआधी चुंबक फिरवून पाहा. पात्याच्या कार्बाइडच्या दाताने खिळा गाठला तर दात तुटून कुठे जाईल सांगता येत नाही.

भुशाला आपण घाण समजतो, पण खरा त्रास दिसणारा भुसा देत नाही. सँडरमधून उडणारी आणि उन्हाच्या तिरिपेतच दिसणारी भुकटी फुप्फुसात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला निश्चित कर्करोगकारक गटात टाकलंय. त्यात नाकाच्या आतल्या पोकळीचा कर्करोग मुख्य. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लावा आणि सँडरच्या तोंडाला व्हॅक्युमची नळी जोडा. एमडीएफ (लाकडाचा भुगा डिंकात दाबून केलेली फळी) कापताना तर नक्कीच, कारण त्याच्या बारीक धुळीबरोबर डिंकातलं फॉर्मल्डिहाइडही येतं. आणि जाता जाता: जवसाच्या तेलाने लाकूड पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी दोरीवर पसरून वाळवा.

आवाजाचं दोन बाजूंनी पाहायचं. एक तुमचे कान. ८५ डेसिबल आठ तास सहन होतात असं धरलं, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. सर्क्युलर सॉ शंभरच्या आसपास ओरडते, म्हणजे पंधरा मिनिटं. कानात बोळे घाला, दुकानात मिळतात. दुसरी बाजू शेजाऱ्यांची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ ची. तुमची सॉ ती केव्हाच ओलांडते. पण दुपारी एक ते चार सोडून, आधी सांगून, अर्ध्या तासात काप उरकले तर सहसा कुणी तक्रार करत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजींना एक पाट करून दिलात तर अजिबातच नाही.

ट्रिमर आणि राउटर (ट्रिमरचा मोठा भाऊ) नंतर घ्या. घेतलेत तर एवढं पाळा की बिट ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेने मशीन ढकलायचं. बाहेरच्या कडेवर घड्याळाच्या काट्यांच्या उलट, आतल्या चौकटीत काट्यांच्या दिशेने. उलटं केलंत तर मशीन कडेवरून हातातून पळतं.

आणि टेबल सॉ. अमेरिकेत घरोघरी असते म्हणून ती निरुपद्रवी वाटते. तिथल्या ग्राहकसुरक्षा आयोगाच्या अंदाजाने २०१५ या एका वर्षात टेबल सॉमुळे तीस हजारांवर माणसं तातडीच्या उपचारांसाठी दवाखान्यात गेली. स्टीव्ह गॅस नावाच्या भौतिकशास्त्र शिकलेल्या वकिलाने १९९९ साली याच्यावर तोड काढली. बोट लागताच पात्यातल्या विद्युत संकेतात होणारा बदल ओळखायचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसवून पाच मिलिसेकंदांत ते थांबवायचं. सॉस्टॉप म्हणतात ती हीच. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात ती पडत नाही. आपल्याला मिळणाऱ्या टेबल सॉला पात्यामागे उभी असणारी पातळ पट्टी, रिव्हिंग नाइफ, आहे का ते आधी पाहा. कापाची फट मिटू न देणं हे तिचं काम. ती नसलेलं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

एखादं वर्ष ड्रिल, जिगसॉ आणि क्लॅम्पवर काढा आणि मग हवी असेल तर टेबल सॉ घ्या. त्याआधी जिगसॉने उरलेल्या प्लायमधून चार-पाच पुश-स्टिक कापून ठेवा, टोकाला खाच असलेल्या. पात्याजवळची शेवटची वीतभर फळी त्याच काठीने ढकलायची. काठी कधीमधी पात्यात सापडून चिरली जाईल. दुसरी काढा.