काचेचं कौल

शनिवार, रात्री

आई गुरुवारी परत जाणार. परवा म्हणाली, "लंडनमधलं सगळं मोठं बघून झालं गं, आता एखादं लहानसं दाखव." म्हणून आज दक्षिण लंडनमधल्या डलिचला गेलो, तिथल्या पिक्चर गॅलरीत. मोठ्या संग्रहालयात दोन तासांत तिचे गुडघे बोलायला लागतात. इथे एकामागे एक ओवलेली दालनं, मध्ये बसायला बाक आणि भिंतींवर रेम्ब्राँ, पुसँ, मुरिल्यो अशा जुन्या चित्रकारांची चित्रं. तिच्या चालीनेही निवांत बघून होतं.

आत शिरल्यावर आईने आधी वर पाहिलं. जॉन सोनने ही वास्तू बांधताना चित्रांच्या भिंती मोकळ्या ठेवल्या आणि उजेड छपरातून, कंदिलासारख्या उंच काचेच्या झरोक्यांतून आत सोडला. 1817 साली ती लोकांसाठी उघडली. चित्रं बघण्यासाठीच बांधलेली इंग्लंडमधली ही पहिली सार्वजनिक इमारत. मी हे सांगत होते तेवढ्यात आई म्हणाली, "आपल्या माजघरातलं काचेचं कौल आठवलं बघ."

खरंच तसंच होतं. राजापूरच्या घरात त्या एका कौलातून कवडसा पडायचा आणि तो पाटावर सरकला की आजी भात उतरवायची. इथेही बाहेर ढग आला की अख्खं दालन मंदावत होतं, ढग सरला की चित्रातले चेहरे पुन्हा उजळत होते.

आई सगळ्यात जास्त वेळ रेम्ब्राँच्या खिडकीतल्या मुलीपुढे बसली. 1645 सालचं चित्र. दगडी कठड्यावर रेललेली, एक हात गळ्यातल्या साखळीशी, गाल लालसर, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या मागे सारलेल्या. जवळ गेलं की त्या पांढऱ्या बाहीवर रंगाचे जाड फटकारे दिसतात, दोन पावलं मागे आलं की सुती कापड. "कामाची पोर आहे," आई म्हणाली. "हात बघ तिचे, उन्हाने रापलेत. क्षणभर टेकलीय, आता हाक येईल." या चित्राबद्दल मी बरंच वाचलं होतं, पण ते हात मला आज दिसले.

मग रेम्ब्राँनेच रंगवलेला याकोब द हेयन. जेमतेम वहीच्या पानाएवढं चित्र, 1632 सालचं. 1966 ते 1983 या काळात ते चार वेळा चोरीला गेलं आणि चारही वेळा परत मिळालं. पण मला त्याची दुसरी गोष्ट जास्त प्रिय आहे. याकोब आणि त्याचा मित्र मॉरिट्स हायगेन्स या दोघांनी रेम्ब्राँकडून जोडीने आपापली चित्रं काढून घेतली. याकोबने मृत्युपत्रात आपलं चित्र मित्राच्या नावे केलं, म्हणजे त्याच्यामागे जोडी एकत्र राहील. 1641 मध्ये तो गेला, जोडी एकत्र आली. पुढच्याच वर्षी मॉरिट्सही गेला. आज याकोब डलिचला आहे आणि मॉरिट्स हॅम्बुर्गला.

आई गप्प झाली. तिची शाळेतली मैत्रीण गेल्या दिवाळीत गेली. दोघींनी चिपळूणच्या स्टुडिओत एकत्र फोटो काढला होता. मी त्याबद्दल काही विचारलं नाही.

शेवटी मधल्या समाधीच्या दालनात गेलो. हा संग्रह नोएल देसेनफान्स आणि फ्रान्सिस बुर्ज्वा या चित्रांच्या व्यापाऱ्यांनी पोलंडच्या राजासाठी जमवायला घेतला होता. 1795 मध्ये पोलंडचं राज्यच नकाशावरून गेलं आणि चित्रं यांच्यापाशी राहिली. ते दोघे आणि देसेनफान्सची बायको मार्गारेट, तिघेही इथे, चित्रांच्या शेजारीच आहेत. वरच्या काचा पिवळ्या रंगाच्या, त्यामुळे बाहेर आभाळ भरलेलं असूनही आत तिन्हीसांजेचं ऊन होतं. आईने चप्पल काढायला पाय उचलला, मग थांबली आणि नुसते हात जोडले.

स्टेशनवर गाडीची वाट बघताना तिने विचारलं, "हॅम्बुर्ग इथून किती लांब गं?"

"विमानाने दीड तास."

"अगदीच जवळ आहे की," ती म्हणाली आणि पिशवीतून खिडकीतल्या मुलीचं पोस्टकार्ड काढून परत बघत बसली.