तुम्ही विचारलंत म्हणून: परत डाळिंबच का?

तेल्या रोगानं दोन एकर बाग गेली, तरी परत डाळिंबच का लावलं? लग्नात, बाजारात, बँकेत, जिथं जाईन तिथं हेच. एकदा नीटच सांगतो.

सांगोल्याकडच्या आमच्या माळावर हातभर खोदलं की मुरूम लागतो. ऊस लाव म्हणणाऱ्यांनी मार्चमध्ये आमच्या विहिरीत वाकून बघावं. या रानात डाळिंबच तग धरतं.

त्या वर्षी मृग बहार धरला होता, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला झाडं फुलवली होती. फळं लिंबाएवढी झाली आणि आठ दिवस झड लागली. उघडीप मिळाली त्या सकाळी बायकोनं एक पान आणून हातात दिलं. उजेडाकडं धरलं, तर तेलाचा थेंब पडल्यासारखा डाग. मला तेव्हाच कळलं होतं. तरी म्हणालो, "काही नाही, पावसाचं असंल." तीन दिवस तेच म्हणत राहिलो. मग फळांवर काळे डाग आले, डागातनं फळं उकलली. पाट्या भरभरून बांधाकडच्या खड्ड्यात टाकली. ओली फळं पेटेनात, म्हणून वर डिझेल ओतलं. आई ओट्यावर बसून बघत होती. एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा मी पावसाला दोष देत हिंडलो. त्या वेळच्या माझ्याशी माझं अजून भांडण आहे. पैसे वाचवायला रोगट बागेतल्या गुट्या, म्हणजे फांदीवर बांधलेली कलमं, कुणी आणल्या? छाटणीची कात्री या झाडावरून त्या झाडावर तशीच कुणी फिरवली? जिवाणूचा रोग पात्यावरून जातो, हे मला सांगितलेलं होतं. मी ऐकलं नाही.

पण सगळंच माझ्या माथी मारू नका. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध, वेळेवर मारत होतो. शेजारची सोडून दिलेली बाग डागांनी भरून उभी होती, तिथनं वाऱ्यापावसानं येणारं मी कसं अडवणार होतो?

आता टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, भगवा जातीची रोपं आहेत. प्रत्येक झाडानंतर कात्री हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक पाण्यात बुडवतो. मृग सोडून पाऊस सरतानाचा हस्त बहार धरतो, म्हणजे फळ कोरड्या हवेत वाढतं. पण फळ फुगायच्या वेळी, फेब्रुवारीत, शेततळ्याचा तळ दिसायला लागतो. तेल्या चुकवला तर पाणी आडवं येतं. ते कोडं मला सुटलेलं नाही.

रोज सकाळी पानं उजेडाकडं धरून बघतो. यंदा अजून डाग नाही. बायको माझ्या आधीच बागेतून फिरून आलेली असते.