तुम्ही विचारलंत म्हणून: पेपर कोणाचा?

एकवीस वर्षं पेपरच्या डेस्कवर काढली, असं कळलं की समोरचा जरा पुढे सरकतो आणि आवाज खाली आणून विचारतो, ‘खरं सांगा, तुम्ही सगळे विकले गेलायत ना?’ विचारणारा एका बाजूचा असेल तर आम्ही डाव्यांना विकलेले असतो, दुसऱ्या बाजूचा असेल तर सरकारला आणि शेठजींना. परवा एकाच घरात दोन सख्ख्या भावांनी मला अर्ध्या तासात दोन वेगळ्या गिऱ्हाइकांना विकलं. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच काय ते लिहितो.

विकणं-विकत घेणं होतं, ते नाकारत नाही. २००९च्या निवडणुकांनंतर ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. २०१० मध्ये पेपरांवर नजर ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने नावानिशी अहवाल लिहिला आणि कौन्सिलने त्याची काटछाट करून तो बाहेर काढला. आमच्या धंद्याने स्वतःच्याच पंचनाम्याची पानं कमी केली, मग लोकांनी आमच्यावर भरवसा का ठेवावा? पण माझ्या टेबलापर्यंत कधी पाकीट आलं नाही, हेही खरं आहे. इथे तुम्ही हसता. हसा.

पूर्वी माझं एक ठेवणीतलं उत्तर असे. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी १९८५ मध्ये एक अभ्यास छापला होता. १९८२ मध्ये बैरुतला झालेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाच्या त्याच टीव्ही बातम्या त्यांनी इस्रायलची बाजू घेणाऱ्या आणि अरबांची बाजू घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गटांनी शपथेवर सांगावं तसं सांगितलं, की बातम्या आपल्याच विरोधात झुकलेल्या आहेत. हे ऐकवून मी म्हणत असे, ‘बघा, दोन्हीकडून शिव्या पडतात म्हणजे आम्ही मधोमध आहोत.’ फार आवडायचं मला ते वाक्य. पण बातम्या बरोबर होत्या, असं त्या अभ्यासाने कुठे म्हटलं होतं? ते मी माझ्या पदरचं जोडलं होतं. दोन्हीकडून शिव्या खाणारा माणूस दोन्हीकडे चुकलेलाही असू शकतो.

हे मला एका रात्रपाळीने शिकवलं.

सव्वाअकरा झाले होते, पहिलं पान सोडायला दहा मिनिटं उरली होती. एका संस्थेतल्या अपहाराची बातमी शेवटच्या क्षणी आली. वार्ताहराने लिहिलं होतं, रोखपालाला ‘चौकशीसाठी ताब्यात घेतल्याचे समजते’. त्याने नीट लिहिलं होतं, एवढं त्याच्या बाजूने सांगतो. मला चार कॉलमांत एका ओळीचा मथळा हवा होता. ‘चौकशीसाठी ताब्यात’ बसेना. टाइप बारीक केला तर पान मरतं. मग मी लिहिलं: ‘अपहारप्रकरणी रोखपालाला अटक’. अटक. तीन अक्षरं. चपखल बसली. खाली बातमीत नाव होतंच. मुख्य उपसंपादकांनी प्रूफवर नजर टाकली, ‘छान’ म्हणाले आणि पान गेलं.

त्या माणसाला अटक झालीच नव्हती. दोन तास बसवून त्याला घरी सोडलं होतं. पुढे आरोपपत्रात त्याचं नावही आलं नाही. आम्ही सहाव्या दिवशी सातव्या पानावर, छोट्या जाहिरातींच्या डोक्यावर, दोन वाक्यांची दुरुस्ती छापली. त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द होता. तोही माझाच.

महिन्याभराने त्यांची मुलगी ऑफिसात आली. प्लास्टिकच्या फाइलमधून तिने दोन कात्रणं काढून माझ्या टेबलावर ठेवली. मग छोटं उचलून मोठ्यावर ठेवलं. ते मथळ्यातले दोन शब्दही पुरते झाकत नव्हतं. मी काय म्हणालो असेन? ‘दुरुस्ती छापली आहे ना आम्ही.’ अजून कान गरम होतात.

ती भांडली नाही. तिने विचारलं, ‘सर, तुमचा पेपर नक्की कोणाचा आहे?’ तिच्या काकांचं म्हणणं होतं, संस्थेच्या सत्ताधारी गटाने हे छापून आणलं. वडिलांच्या कचेरीतले लोक म्हणत, विरोधी गटाचं काम. तिला फक्त कोण ते हवं होतं. मी सांगू पाहिलं, की कोणीच नाही हो, तो शब्द जागेत बसत होता. मी मोठं काहीतरी लपवतोय, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. कोणाचं तरी नाव घेतलं असतं तर तिला पटलं असतं.

तेव्हा मनात मी स्वतःला निर्दोष सोडलं होतं. मालकाचा फोन नाही, पाकीट नाही, ही साधी घाईतली चूक. आता तसं सोडवत नाही. त्या जागी संस्थेचे अध्यक्ष असते तर मी ‘अटक’ लिहिलं असतं का? नसतं लिहिलं. पान थांबवलं असतं, वार्ताहराला झोपेतून उठवलं असतं, वकिलाला विचारलं असतं. रोखपाल काही नोटीस पाठवणार नव्हता. माझा कल कोणत्या पक्षाकडे नव्हता, पण ज्याची भीती वाटते त्याच्याकडे होता. हा कल डाव्या-उजव्या कोणत्याच यादीत येत नाही, म्हणून आम्हीही तो कधी मोजला नाही.

आणि हे फक्त आमच्या पेपरचं नाही. इराककडे संहारक शस्त्रं असल्याच्या बातम्या ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर चालवल्या. त्यांतल्या काही पुरेशा तपासलेल्या नव्हत्या, ही कबुली २६ मे २००४ला आली, ती आतल्या दहाव्या पानावर. कबुली दिली हे मोठंच, अनेकांनी तेवढंही केलं नाही. पण ती मुलगी तिथेही दोन कात्रणं एकमेकांवर ठेवून बघेल. गॅलप या जनमत अजमावणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या पाहणीत १९७६ मध्ये ७२ टक्के अमेरिकन माध्यमांवर बऱ्यापैकी विश्वास ठेवत, २०२४ मध्ये ३१ टक्के. आमच्यातले बरेच जण याचं खापर मोबाइलवर फोडतात. मीही फोडायचो. तो दोष आहेच, पण ‘अटक’ हा मथळा मोबाइलने दिलेला नव्हता.

मग वाचायचं काय, असं तुम्ही पुढे विचारता. मला माहीत नाही. मी अजून पेपर वाचतो, आधी दुरुस्त्या शोधतो. वर्षभर एकही चूक कबूल न करणाऱ्या पेपरबद्दल मला संशय येतो. तुम्ही मात्र दुरुस्ती दिसली की म्हणता, ‘बघा, खोटं छापतात’. तुमचंही चूक म्हणवत नाही.

त्या मुलीने दोन्ही कात्रणं परत फाइलमध्ये घातली, चहा नको म्हणाली आणि गेली. त्याच रात्री एका बातमीत पुन्हा ‘चौकशीसाठी ताब्यात’ आलं. मी मथळा दोन ओळींचा केला, शेजारचा फोटो कापला. दुसऱ्या दिवशी बैठकीत विचारणा झाली, एवढा बोजड मथळा कोणी दिला?